जेफचा पहिला विजय

आमच्या मेधाचा नवरा, जेफ. अमेरिकेत एका चिमुकल्या पक्षातर्फे हा गडी जन्मभर निवडणुका लढला आणि दरवेळी पडला. इकडे जर्मनीत बॉबलिंगेनला आल्यावर मेधानं त्याला मराठी मंडळाच्या सभेला आणलं. सेक्रेटरी व्हायला आमच्यात कुणीच तयार नसतं, म्हणून तो बाहेर सिगरेट ओढत असताना आम्ही त्यालाच निवडून टाकलं.

आत येऊन त्यानं विचारलं, "विरोधात किती मतं?"

"एकही नाही."

त्याचे डोळेच भरून आले. मग खरं कोण सांगणार?

वर्षभर राबला बिचारा. पुढच्या सभेत आम्ही पुन्हा त्याचंच नाव घेतलं, तर म्हणाला, "नाइन! अजिबात नाही! एकानंच पद अडवू नये, म्हणून तर मी आयुष्यभर भांडलो."

तेवढ्यात मी गाडी हलवायला बाहेर गेलो. परत आलो, तर माझ्या नावानं टाळ्या चालू होत्या.