बझरवरचा हात

येत होतं तिले. तुम्ही म्हणून राहिल्या नं मेघाच्या मम्मी, एवढी हुशार पोरगी अन् एवढा सोपा प्रश्न सोडला—तर येत होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, त्या आजाराचं नाव सांगा—अहो, आमच्या पायलले हे नाव अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ आहे. मी सातवी शिकलेली, मलेही येते. सिकलसेल. पण तिनं बझर दाबला नाही अन् पलीकडच्या टीमनं मार्क नेले. काहून नाही दाबला? माह्यामुळं. हे नाव शाळेत तोंडातून काढायचं नाही, मेली तरी काढायचं नाही, असं मीच बजावलं होतं तिले. आता मले काय मालूम, फायनलमध्ये माईकवरून कोणी तेच विचारन म्हणून—

बोलून गेली मी. हो. आहे तिले. हळू बोला, मागं मॅडम बसल्या आहेत. लागट नाही ते, घाबरू नका, तुमच्या मेघाच्या डब्यातलं खाल्लं तरी काही होत नाही—जन्मापासूनचं राहते. अर्धं माह्या रक्तातून, अर्धं ह्यांच्या. आम्हा दोघांले काही त्रास नाही, पाहा, अन् पोरीच्या वाट्याले पूर्ण आलं. एरवी चांगली राहते. गोळी रोज, पाणी भरपूर, थंडी लागू द्यायची नाही. पण दुखणं उठलं की मग—हाडात कोणी सळई फिरवून राहिलं, असं म्हणते.

शाळेत काहून नाही सांगतलं? जुन्या शाळेत सांगतलं होतं नं. सहलीले नाही नेलं, कवायतीत नाही घेतलं, नाटकात झाडसुद्धा नाही केलं तिले. तू बस पायल, तुले त्रास होईन. बसवून बसवून पोरीचं तोंड एवढुसं झालं. म्हणून इथं चुप राहिलो. क्विझच्या ऋषिकेश सरनं टीम निवडली तेव्हा विचारलं होतं, तब्येत बिब्येत बरी आहे नं—मी म्हटलं, एकदम ठणठणीत.

कुठं चालल्या? बसा. बसा नं ताई. सरले सांगाले चालल्या—तुमची मेघा राखीव आहे, माही पोरगी उतरली की ती चढन. रागावू नका, कोणत्याही आईले वाटन. मलेही वाटलं असतं. पण या तिघांनी मिळून वर्ष काढलं आहे यात. आमची तर पोळी लाटता लाटता मले विचारे, मम्मी, सांग, मंगळाले चंद्र किती. मी म्हणे, आपल्याले एकच पुरे.

हा एसी कमी करत नाहीत का हो? मघाशी गेटवरच्याले म्हटलं, तर तो म्हणे पाहुण्यांसाठी आहे. स्वेटर आणलं मी, नाही घातलं तिनं. फोटोत तिघं सारखे दिसले पाहिजे म्हणे. अन् ती बाटली पाहा तिच्यासमोरची. टीममधल्या अंकितची संपाले आली, हिचं झाकणही नाही उघडलं. मले मालूम आहे काहून—बाथरूमले उतरलं की त्या राउंडमध्ये परत चढू देत नाहीत. येताना ऑटोत म्हटलं, दोन घोट पी वं. तर म्हणे, मम्मी, तू शपथ घेतली आहे.

हो, घेतली. तिच्या डोक्यावर हात ठेवून. ती माह्याकडे पाहीन तेव्हाच मी उठायचं. त्याच्याआधी जागचं हलायचं नाही, सरले इशारा करायचा नाही. मागच्या फेरीत मी पाणी घेऊन स्टेजपर्यंत पळाली होती, सारी पोरं हसली. किती दिवस बोलली नाही माह्याशी.

आता—आता दाबला. पाहिलं? बरोबर आलं. टाळ्या राहू द्या ताई, कोणत्या हातानं दाबला? डाव्या नं. ती डावखुरी नाही. मी म्हणून राहिली होती, मघाचा प्रश्न तिनं माह्या धाकानं सोडला. तसं नसन तर? उजवा हात कुठं आहे तिचा—टेबलाखाली आहे. हसून राहिली पाहा अंकितकडे पाहून. ते हसू तिचं नाही, सुई टोचतानी डॉक्टरले दाखवते ते आहे.

अन् उत्तर देताना दोनदा थांबली, खांदा वर घेऊन. पायल थांबत नाही, तिचं गाडीसारखं राहते. डॉक्टरनं सांगतलं होतं, हातपाय दुखले तर गोळी द्या, पण दम लागला, छातीत दुखलं, तर वाट पाहायची नाही. ह्यांची लहान बहीण, तिलेही हेच होतं, अशीच खांदा वर घेऊन बसली होती चुलीपाशी. सासूबाई म्हणे, गॅस झाला असन, ओवा दे. मी आणला ओवा. तो तिच्या मुठीतच राहिला.

इकडे पाहूनच नाही राहिली. प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहते, सरकडे पाहते, मेघाकडे पाहिलं, आता तुमच्याकडेही पाहिलं. मीच तेवढी नाही. पाहिलं तर मी उठीन, तिले मालूम आहे. पायल. इकडे पाह्य नं वं माय, एक डाव पाह्य—

संपला राउंड. आता शेवटचा राहिला, त्याच्याआधी माणूस बदलता येते. मेघाच्या मम्मी. शपथ माही आहे, तुमची नाही. जा तुम्ही. मी सांगतलं ते सारं सांगा सरले, तिले उतरवा, मेघाले बसवा, अन् गाडी काढाले सांगा, सरळ मेडिकलच्या दवाखान्यात. काय पाहता माह्याकडे? मी नाही पाठवलं तुम्हाले. जा.