फोटोतला डावा पाय

तुम्हाला हसू येईल, पण माझा तीनचाकी सायकलचा अर्ज एका फोटोवर अडला. डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे दिसेल असा फोटो हवा होता. द्वारका चौकातल्या स्टुडिओत काढला आणि पाकीट न उघडताच सरकारी ऑफिसच्या खिडकीवर दिलं.

मॅडम म्हणाल्या, "यात तर दोन पाय आहेत."

स्टुडिओवाल्यानं माझाच उजवा पाय डावीकडे चिकटवला होता, चपलेसकट!

"अहो, मी समोर कुबड्यांवर उभा आहे ना!"

"वर साहेबांकडे फोटो जातो. तुम्ही नाही."

तणतणत स्टुडिओत गेलो, तर तोच माझ्यावर चिडला. "काका, डॉक्टरांना जमलं नाही ते मी दहा मिनिटांत केलं, आणि बोलणी मलाच?"