शिवलेल्या बोटाची पहिली दाढी

...अहो नाही काका, तुम्ही हलू नका, हलायचं ते माझ्या बोटानं! तेच तर तुम्हाला सांगतोय मघापासून, तीन महिने हा वस्तरा हातात धरला नव्हता मी, आरसा बदलताना काच निसटली आणि या अंगठ्याशेजारच्या बोटातली दोरी, कंडरा का काय म्हणतात ती, कचकन तुटली, आणि बोट असं ताठच्या ताठ, वाक म्हटलं तर वाकेना! आमच्या धंद्यात बोट वाकलं नाही तर दुकानाला कुलूपच की हो!

डॉक्टरांनी शिवलं, म्हटलं सुटलो. कसलं काय! तिसऱ्याच दिवशी फिजिओवाल्या बाई हजर. "चला, हळूच वाकवा." वाकवा? परवा शिवलेलं बोट? म्हटलं, बाई, तुटलं तर? तर म्हणतात कशा, "आत पेशी असतात, तंतूंना धरून बसलेल्या. हलका ताण आला की त्यांना कळतं, मग त्या पकड आवळतात, नवे तंतू विणतात. ताणच नाही आला तर सैल पडतात. आणि जास्त आला तर..." जास्त आला तर काय? "तर टाके तुटतील." घ्या! आता जास्त म्हणजे किती? पेशींना कळतं म्हणे! मला कोण सांगणार?

घरी बायको, "अजिबात हलवायचं नाही हं, माझ्या जिवाला घोर!" आणि मी तर काय, जन्माचा घाबरट. तासाला दहा वेळा वाकवायचं होतं, मी एकदाही नाही वाकवलं, बाईंनी दिलेल्या वहीत मात्र वाकवल्याच्या खुणा करत बसलो. पंधरा दिवसांनी बाईंनी बोट हातात घेतलं आणि म्हणाल्या, "खोटं बोललात." म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? "मला नाही, पेशींना कळलं. आत सगळं चिकटून बसलंय. असंच राहिलं तर पुन्हा फाडावं लागेल."

घाम फुटला हो मला! माझ्याच बोटात राहायचं आणि माझीच चुगली करायची! मग काय, डोळे गच्च मिटून, दातओठ खाऊन, तासातासाला वाकवलं. दोन महिन्यांनी बोटाचं टोक तळव्याला लागलं, तेव्हा रडलो काका, खोटं नाही सांगत. आणि काल बाई म्हणाल्या, "आता वस्तरा धरा. पेशींना कळू दे, कामाला लागायचंय."

म्हणून तुम्ही. मान वर... हां... आता हनुवटीखाली आलोय, गिळू नका काही... हे थरथरतंय ते माझं बोट की तुमची मान? थांबा, थांबा... आलं, आलं... झाली! एक बाजू झाली! रक्ताचा थेंब नाही! धरलं हो, धरून ठेवलं त्यांनी! त्यांना कळलं काका!

काय म्हणता? आधी स्वतःची दाढी करून बघितली का?

छे हो, भलतंच काय! भीती नाही का वाटत मला? माझी सकाळीच समोरच्या दुकानात करून आलो.