पोटाची गोळी

(मद्रास, १९६१. क्षयाच्या दवाखान्यातली खोली. पुण्याहून आलेल्या डॉ. प्रमोदिनी, समोर कनका आणि तिचा नवरा राघोत्तम, जॉर्ज टाउनमधल्या पेढीवरचा कारकून. दोघं मूळचे तंजावरचे.)

राघोत्तम : तिलाच विचारा डॉक्टर, गोळ्या कुठं टाकते म्हणून.

कनका : टाकत नाहीं. गिळतें.

राघोत्तम : मग थुंकीत जंतू अजून कसे? काल मोरीत पांढरं काय विरघळलं होतं?

कनका : अय्यो, कोलमाचं, रांगोळीचं पीठ तें. हात धुतलें मी.

प्रमोदिनी : कनकाबाई, मी रागावणार नाही. औषधाला कंटाळून बऱ्याच जणी गोळ्या लपवतात.

कनका : तुमच्या नर्सम्मा न सांगतां घरीं येतात, लघवी घेऊन जातात. त्यांत काय निघालं?

प्रमोदिनी : औषध निघालं. दर वेळी.

राघोत्तम : नर्स यायच्या दिवशीं बरोबर घेते ही!

कनका : न सांगतां येतात म्हटलें कीं.

राघोत्तम : हिला सगळं कळतं. डॉक्टर, आतां मी हिला तंजावरला भावाकडे धाडतों. विमला मजकडे राहील.

कनका : लेक मजसंगें येईल.

राघोत्तम : एवढंसं मूल तुझ्या खोकल्यात ठेवूं?

प्रमोदिनी : थांबा हो दोघं! लॅबमधून कळलं म्हणून तुम्हाला बोलावलंय. हिचे जंतू आम्ही नळीत वाढवायला ठेवले होते. नळीत हेच औषध घातलं होतं. मरायला हवे होते, ते वाढले.

राघोत्तम : म्हणजे?

प्रमोदिनी : जंतू बदललेत. औषध अर्धवट घेतलं की बाकीचे मरतात, पण ज्यांना ते बाधत नाही असे थोडे उरतात. मग त्यांचीच पिलावळ वाढते.

राघोत्तम : अर्धवट! मी तेंच सांगतोंय.

प्रमोदिनी : पुढचं ऐका. ही थुंकी पहिल्या दिवशीची. तेव्हा हिला एकही गोळी दिलेली नव्हती.

कनका : मग मजकडे असे आले कुठून?

प्रमोदिनी : बदललेलेच आले. ज्याच्याकडून आले, त्यानं हे औषध मध्येच सोडलं असणार. जवळपास कुणाला खोकला होता?

राघोत्तम : बसमधें हजार लोक खोकतात.

कनका : मी कुठं बसमधें जातें?

राघोत्तम : शेजारची म्हातारी पाट्टी...

कनका : तिला दमा आहे, आणि ती औषध म्हणून कषायच पिते. तुम्ही गेल्या दीपावळीला रोज एक गोळी घेत होतात. पोटाची म्हणालात.

राघोत्तम : पोटाचीच ती.

कनका : पोटाच्या गोळीनें खोकला कसा थांबला? आतां पुन्हा खोकतां, तोंडावर उशी धरून. मज ऐकूं येतं.

प्रमोदिनी : राघोत्तमराव?

राघोत्तम : पेढीवर कळलं असतं तर काढून टाकलं असतं. बरं वाटलं, म्हणून सोडल्या. मला काय ठाऊक, ते असे...

कनका : विमला तुमच्याच ताटांत जेवत होती.

प्रमोदिनी : तिला आजच घेऊन या. आधी तिचा एक्स-रे, मग तुमचा. तुमच्या थुंकीचा अहवाल हिच्यासारखाच निघाला, तर दोघांनाही इंजेक्शनं आणि पुड्या. पोट ढवळेल, तरी एकही चुकवायची नाही.

राघोत्तम : घेईन मी. विमलेची शपथ.

कनका : तिची शपथ नको. डॉक्टरम्मा, ह्यांच्या पुड्या मजकडे द्या.