गुलाबाखालचं नाव

तुम्ही हसाल, पण माझी दोन वर्षांची मेहनत आईने एका खिळ्याने मातीत घातली.

इथल्या आयरिश कालव्यांवरच्या जुन्या बोटींमधली, गुलाब आणि किल्ले रंगवलेली भांडी मी जमवतो, माहितीये ना? डून लेरीच्या पॅटकडे तसंच रंगवलेलं एक स्टूल आहे. दोन वर्षं चहा पाजपाजून म्हाताऱ्याला पटवला, की तू माझा पाण्याचा डबा घे आणि स्टूल मला दे.

शनिवारी पॅट स्टूल घेऊन ॲडम्सटाउनला आमच्या घरी हजर! मी प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, डबा काढला, तर गुलाबाच्या बरोबर खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'श्री. वसंत गो. लेले'.

"आई! हे काय केलंस?"

"मंडळाच्या गणपतीला मठ्ठा न्यायचाय ना त्यातून? तिथे भांडी बदलतात. खिळा-हातोडी घेऊन घातलं नाव. हात भरून आले माझे."

पॅटने चष्मा लावला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "हे काय लिहिलंय?"

"माझ्या वडिलांचं नाव. ते आता नाहीत."

"बोटवालेसुद्धा डब्यावर नाव घालायचेच. ग्रँड काम झालंय!"

हुश्श! मी लगेच स्टुलाला हात घातला.

"पण बापाचं नाव असलेला डबा मी कसा नेऊ रे?" असं म्हणून त्याने स्टूल उचललं आणि परत गाडीत ठेवलं.

मी डोक्याला हात लावून आईला सगळं सांगितलं, तर म्हणते कशी, "बघ! नाव होतं म्हणून भांडं घरात राहिलं."