आवडती जागा

संमोहन उपचारांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसली होती. शिवणाची टेप गळ्यात तशीच राहिली होती. तिच्यासोबत तिचा थोरला भाऊ होता.

“आत नेमकं करतात काय गं?”

“डोळे मिटून मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरायच्या. खाली आपली आवडती जागा असते.”

“तुझी कुठली?”

“एकही सुचली नाही, दादा. डॉक्टर इतक्या मायेने विचारत होते, म्हणून बाग सांगितली.”

“खोटं सांगून गुण कसा येणार?”

“त्यांना वाटलं, मी सुधारतेय.”

“आणि त्या उदासीवरच्या गोळ्या?”

“महिना झाला सोडून. त्या घेतल्या की हातात जीवच नसायचा, एक बाही लावायला दुपार जायची.”

“इथल्या डॉक्टरांना सांगितलंस?”

“नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गोळ्या बंद करायच्या नाहीत.”

“मग आज मला कशाला बोलावलंस?”

“सकाळी पोरांचे डबे भरले आणि वाटलं, आता आपलं इथे काही काम उरलं नाही. त्या विचाराची भीती वाटली, म्हणून तुला फोन केला.”

तो तिचा हात धरून उठला आणि नावनोंदणीच्या खिडकीतल्या मुलीला म्हणाला, “डॉक्टरांना सांगा, आम्हाला आत्ताच भेटायचंय, नंबर येईपर्यंत थांबता येणार नाही.”