म्हाताऱ्याची मुलाखत

बाइंडर मुलीच्या प्रबंधाच्या पाठीला गोंद लावत होता, तेवढ्यात तिच्याबरोबर आलेले वडील प्रबंधाची सुटी प्रत चाळता चाळता ताडकन उठले.

"हा चीनच्या खेड्यातला म्हातारा म्हणतो, 'मुलं शहरात गेली. आता मी मुद्दाम फोनपाशी जेवतो. तोंडात घास असला की नेमका फोन येतो म्हणतात.'"

"मुलाखत आहे ती, बाबा."

"हे मी म्हणालो होतो! तुझी आई गेली त्या वर्षी, तुझ्या मावशीला."

"हळू बोला ना."

"असा कुणी म्हातारा आहे तरी का?"

"आहे. तीनदा गेले त्याच्या दारात. त्यानं बसायला स्टूल दिलं, पण तोंड उघडलं नाही. एक मुलाखत कमी पडत होती."

"म्हणून माझं बोलणं त्याच्या तोंडी घातलंस? आणि यावर डॉक्टर होणार?"

मुलगी बाइंडरकडे वळली. बाइंडरचा ब्रश हवेतच थांबला.

"काका, गोंद ओला आहे तोवर त्या मुलाखतीचं प्रकरण काढा. मी आज प्रबंध जमा करत नाही."

बाइंडरने पानं सोडवून तिच्या हातात दिली.

"बाबा, मावशीनं मला तेवढंच सांगितलं. तिला आणखी काय काय सांगितलं होतंत?"